पायाळूची मान

आमच्या केनवडात चाळिशी ओलांडलेला असा बाप्या माणूस सापडायचा नाही, ज्याच्या पाठीत माझी लाथ बसली नाही. पाटील झाले, मास्तर झाले, खुद्द माझे सासरे झाले, सगळे माझ्या उंबऱ्यावर पालथे पडून गेलेले. मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याच्या आधी पाय घेऊन आले. अशा माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शनिवारी सकाळी, तोंड न धुता, डाव्या पायाच्या टाचेनं तीन लाथा. पैसा घ्यायचा नाही, आणि ज्यानं लाथ खाल्ली त्यानं मागे वळून पाहायचं नाही.

खरं सांगते, मला त्यात मजा यायची. गावातल्या बाप्यांना भर उजेडात लाथा हाणायचा परवाना बाईच्या जातीला कुठं मिळतो? बायकोला मारणारा एखादा आला, की तिसरी लाथ मी मनापासून मारायची. वाशीमचे एक कापसाचे व्यापारी होते, जैन शेठजी, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणारे. ते एकदा कमरेत वाकून आले आणि उंबऱ्यावर पालथे पडून म्हणाले, "हळू मारजो बाई, आमच्या धर्मात हिंसा चालत नाई." मी म्हटलं, "शेठजी, तुमी जैन, पन तुमची उसण काई जैन नाई." तिसऱ्या लाथेला ते ओरडले ते थेट उठून उभेच राहिले. त्यानंतर दर दिवाळीला त्यांच्याकडून साखरेची पुडी यायची.

हे सगळं आधी सांगते, कारण माझी मान गेली ती अशाच एका लाथेनं. म्हणजे लाथेनं गेली असं आम्हाला वाटलं. मी सातवी शिकलेली बाई आहे. लिहायला बसले की शाळेतली भाषा येते आणि भांडायला उभी राहिले की घरची. दोन्ही सांभाळून घ्या. ज्यांची मान महिनोन् महिने दुखते आणि जे अंगावर काढतात, त्यांच्यासाठी हे लिहिते.

मानेतली वीज

सुरुवात झाली कापूस वेचणीच्या दिवसांत. डोक्याच्या मागं, केस संपतात तिथं, आत कुठंतरी ठसठसायचं. ओझ्यानं असेल म्हणून सोडून दिलं. मग खाटेवरून उठताना डोकं दोन्ही हातांनी धरून उचलावं लागायला लागलं, भरलेली घागर उचलावी तसं. आणि एक दिवस वावरात बोंडाला हात घालायला मान खाली केली, तर मानेतून वीज निघाली ती सणसणत पार टाचांपर्यंत गेली.

पायाळूवर वीज पडते असं म्हणतात. माझं माहेर मेडशीचं. आभाळ गडगडलं की माझी आई मला घरात कोंडून दाराला कडी लावायची. मला वाटलं, जन्मभर आभाळातली वीज चुकवली, ती आता आतून निघाली. कोणाला सांगितलं नाही. हसतील म्हणून नाही, भ्याले म्हणून.

मग उजवा हात ऐकेना. भाकर थापता थापता तुटायची. मी मुळातली तापट, त्यात हे दुखणं. एकदा परातच अंगणात भिरकावली. आमच्या ह्यांच्यावर लाटणं फेकलं, त्यांनी डोकं चुकवलं आणि लाटणं उचलून जागेवर ठेवून दिलं. हा माणूस असाच, रागच येत नाही त्याला. मला त्याचाही राग यायचा. सुमी माझी एकुलती एक लेक, तेव्हा अकरा वर्षांची. तिच्या हातून पाण्याचा गुंड कलंडला, तर अशी थापड हाणली की पोरीचा गाल दोन घटका लाल. ती रडली नाही. माझ्याकडे नुसती पाहत राहिली. ही गोष्ट शुक्रवारची.

तोवर काय काय करून झालं होतं! वैद्याचं तेल झालं. न्हाव्याकडून मान मोडून घेतली, तर दोन दिवस तोंड वळेना. कंपाउंडरची सुई झाली. हाडाचा फोटो काढा असं कोणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी गेले नसते. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला.

"उसणच हाये ते. दुसरं काई नाई."

आता पायाळूची उसण पायाळूनं स्वतः काढायची कशी? पण दुसरी पायाळू घरातच होती. सुमीही माझ्यासारखीच पाय आधी घेऊन आलेली.

शनिवार

त्याच उंबऱ्यावर मी पालथी पडले. सुमी दाराशी उभी, अंग चोरून.

"म्या नाई मारत," ती म्हणाली.

"मार वं, तुह्या मायचं दुखनं जाईन," सासूबाई म्हणाल्या.

"नाई म्हनलं ना!"

उंबऱ्यावर हनुवटी टेकून माझी मान अशी ठणकत होती की डोळ्यांतून पाणी निघत होतं. मी खेकसले, "मार म्हनते ना! काल थापड खाल्ली ना माही? काढ तिचा राग! जोरात मार, अंगात जोर नाई काय?"

हे मी बोलले. माझ्या तोंडानं. हे कधीच विसरत नाही मी.

पहिली पाठीत बसली. दुसरी खांद्यांच्या मधे. तिसरी मानेवर.

लोक विचारतात, कडकन आवाज आला काय? नाही आला. एवढंच झालं, की अंग गेलं. मानेखाली कोणी राहत होतं तेच निघून गेलं. तोंडात माती आणि रक्त, दात ओठात घुसलेला, आणि डोळ्यांसमोर उंबऱ्यावरचं हळदीकुंकू. उठायचं ठरवलं, तर कोण उठणार?

"माय, उठ ना. झाल्या तीन. उठ ना वं माय."

मी उठले नाही तेव्हा तिनं मला हलवलं. मग ती जी किंचाळली! "म्या मायले मारलं! म्या मायले मारलं!" ओरडत अंगणातून धावली. सासूबाई छाती बडवायला लागल्या. आमचे हे गोठ्यातून आले, शेणाचे हात तसेच. त्यांनी आधी पाहिलं माझ्याकडे, मग पळत जाऊन पोरीला धरलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"चूप! तू काई नाई केलं. ऐकू आलं? म्या ढकललं तुह्या मायले. कोनी बी इचारलं तं हेच सांगजो."

तोवर शेजारपाजार जमा झाला होता. त्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "भांडन झालं. माह्या हातून ढकलल्या गेली."

गावानं लगेच विश्वास ठेवला. माझं तोंड साऱ्या गावाला ठाऊक होतं. अशा बाईला नवरा कधीतरी हाणणारच, असंच प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

ज्वारीच्या थैल्या

खाटेसकट बंडीत घालून वाशीमला नेलं. चाकाखाली गोटा आला की माझा श्वास अडकायचा. जाताना सुमीला पाहायचं होतं, पण ती कडब्याच्या गंजीमागं लपून बसली होती आणि मला मान वळवता येत नव्हती.

वाशीमचा डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं फोटो काढला, उजेडापुढं धरला. मग ह्यांना जवळ बोलावलं. मी तिथंच होते, कान काही गेले नव्हते.

"मानेतला दुसरा मणका आतून पोखरलाय. गाठ आहे. आजकालची नाही, महिन्यांची आहे. अशा जागी अशी गाठ मी फक्त पुस्तकात पाहिली. घरात मारझोड झाली का?"

"हो. म्या ढकललं."

डॉक्टरनं त्यांच्याकडे जे पाहिलं, तसं मी कोणाकडे पाहिलं असतं तर तो माणूस माझ्या दारात पुन्हा आला नसता. म्हणाला, "नागपूरला न्या. आजच. आणि एक लक्षात ठेवा, डोकं बोटभरही हललं तर तिथपर्यंत पोचणार नाही ही."

आजच कसं न्यायचं? तेव्हा शेठजी आठवले. ह्यांनी जाऊन सांगितलं मात्र, ते उघड्या पायांनी दवाखान्यात आले. अकोल्याला निघालेला कापसाचा ट्रक त्यांनी थांबवला, अर्धा माल उतरवला आणि त्यात माझी खाट चढवली. "बाईनं माही कंबर उभी केली, आता माही गाडी तिची," असं म्हणाले आणि ड्रायव्हरला खडसावलं, "खड्ड्यात घातली तं नोकरी गेली समज."

डोकं हलू नये म्हणून ह्यांनी दोन थैल्यांत ज्वारी भरली, एक या कानाला लावली, एक त्या कानाला, आणि कपाळावरून धोतराची पट्टी ओढून खाटेला बांधली. चारी बाजूंनी कापूस दाबला. मला फक्त आभाळ दिसत होतं.

मेडशीच्या फाट्यावर

एसटीच्या ड्रायव्हरकडून मेडशीला निरोप आधीच पोचला होता. ट्रक थांबला तेव्हा माझा मोठा भाऊ रस्त्यावर उभा होता. तो वर चढला. माझ्या तोंडावर त्याचं तोंड आलं, उलटं.

"कमल, कोनं केलं हे?"

मी उत्तर द्यायच्या आधी खालून ह्यांचा आवाज आला, "म्या ढकललं, दादा."

दादानं उडी मारली. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. आधी वहाणेचे आवाज, चटाचट. मग कोणाच्या तरी हातातलं लाकूड आलं, त्याचा आवाज वेगळा. मांसावर पडलेलं आणि हाडावर पडलेलं लाकूड कानाला वेगळं कळतं. दादा शिव्या देत होता आणि रडत होता. "माह्या बहिनीची मान मोडली! माह्या बहिनीची!" ड्रायव्हर "सोडा, सोडा" म्हणत होता. आमचे हे एवढंच म्हणाले, "मारा, दादा. पन गाडीले धक्का लावू नका. तिची मान हालन."

आणि मी गप्प राहिले. जिची जीभ गावात चाबूक म्हणून ओळखली जायची ती मी, आभाळातल्या एका घारीकडे बघत पडून राहिले. एक शब्द बोलले असते तर तो मार थांबला असता. पण तो शब्द सुमीचा होता. नवरा मार खात होता पोरीसाठी, मी तो खाऊ देत होते पोरीसाठी, आणि मला माझीच किळस येत होती. ज्यांना वाटतं दुखणं एकट्या आजाऱ्याचं असतं, त्यांनी मेडशीच्या फाट्यावर यावं.

शेवटी दादाही ट्रकमध्ये चढला. खाटेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला दात पडलेले माझे हे. पातूरचा घाट उतरेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. पुढं अकोल्याहून नागपूरच्या रेल्वेतही नाही.

गिरमिट

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी माझे केस काढले. ज्यानं वस्तरा चालवला त्याच्या हाताला मी चावले. हातपाय नव्हते, दात होते. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना सुई देऊन गिरमिटानं भोकं पाडली, सुतार पाडतो तशी. दुखलं नाही फारसं, पण आवाज ऐकला. आपल्याच कवटीचा भुसा पडायचा आवाज आपण आतून ऐकायचा! त्या भोकांत लोखंडी चिमटा अडकवला आणि चिमट्याला दोरीनं वजनं टांगली, खाटेच्या डोक्याकडून खाली सोडलेली. कोणी जाता जाता त्या दोरीला लागलं की मी वॉर्डभर ऐकू जाईल अशी शिवी हासडायची.

आमच्या वॉर्डची सिस्टर जाडजूड, आवाजानं माझ्या तोडीची. पहिल्या दिवशी म्हणाली, "बाई, इथे शिव्या चालणार नाहीत." चौथ्या दिवशी मी पहाटे गप्प होते, तर धावत आली. "का गं, आज शिवी नाही? श्वास घेता येतो ना?" त्या दिवसापासून मला तिचा लळा लागला. छताकडे बघून बघून मला वेड लागायची पाळी आली, तेव्हा तिनंच कुठूनसा हातभर आरसा आणला आणि माझ्या तोंडावर तिरपा टांगला. त्यात मला माझे पाय दिसले. चादरीबाहेर आलेली दोन पावलं. आरशातून मी त्यांना हुकूम सोडायची, "हाला, भडव्यांनो!" ती ढिम्म.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मला थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागे, डोक्यापासून पायापर्यंत एकदम, ओंडका वळवतात तसं. त्याला चार माणसं लागत. माणसं अपुरी, म्हणून दादा एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला. दोघांचं बोलणं बंद. पण एक जण "एक, दोन" म्हणायचा आणि दुसरा "तीन". दिवसाला कितीतरी वेळा. मला वाटायचं, ह्या दोघांच्या हातात एकच चादर आहे आणि तिच्यात मी.

भीतीचं सांगते. मी मरणाला भ्याले. लोक म्हणतात, देवावर भार टाकला की भीती जाते. माझी नाही गेली. आणि मरणाहून मोठी भीती होती ती ही, की मी मेले तर सुमी जन्मभर आईला मारणारी होईल.

एके सकाळी मोठे डॉक्टर एकटेच आले तेव्हा मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, लाथेनं अशी गाठ होते का?"

"कोणाची लाथ?"

मी सांगितलं. सगळं. उंबऱ्यापासून थापडीपर्यंत. ते स्टूल ओढून बसले.

"लाथेनं गाठ होत नाही. ती आधीपासून हाड खात होती. पण पोखरलेल्या हाडावर लाथ बसली म्हणून तुझे हातपाय गेले, हेही खरं. एखाद्या दिवशी बंडीच्या धक्क्यानंही गेले असते कदाचित. आणि तेव्हा कदाचित जीवही गेला असता. मी खोटं सांगणार नाही."

"मंग पोरीले काय सांगू?"

ते स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "आधी चालत घरी जा. मग जे सांगशील ते ती ऐकेल."

सही

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागदावर सही लागत होती. ह्यांनी पेन घेतलं, तर दादानं ते हिसकावलं.

"यायची सही चालनार नाई! ज्यानं मान मोडली त्यानंच आता कापायची परवानगी द्यायची काय?"

"दादा, द्या इकडं. उशीर होऊन राह्यला."

"हात लावून पाह्य!" दादानं त्यांची गचांडी धरली. स्टुलावरचा पाण्याचा तांब्या पडला. ह्यांचा हात या वेळी वर गेला होता, मला आरशात दिसला. राग न येणारा माझा नवरा मूठ वळून उभा होता, आणि आता ही दोघं माझ्या वजनांच्या दोरीवर पडणार हे मला दिसत होतं.

"दादा!" मी ओरडले. "माही मान यायनं नाई मोडली! सुमीनं लाथ मारली. उसण काढाले. म्याच मारायले लावली तिले."

दादाच्या हातातली गचांडी सुटली.

"मंग मेडशीले काहून नाई बोलली तू?" दादाचा आवाज फुटला. "म्या यायचे दात पाडले. काहून नाई बोलली?"

"पोरीचं नाव निघालं असतं म्हनून."

दादा ह्यांच्याकडे वळला. मग त्यानं पायातली वहाण काढली आणि आपल्याच डोक्यात हाणायला लागला, एक, दोन, तीन, अशी की त्याचं पागोटं सुटून पडलं. ह्यांनी त्याचा हात धरला तरी थांबेना. सिस्टरनं येऊन वहाण काढून घेतली. "हा दवाखाना आहे, आखाडा नाही! एकीची मान जोडायची, तर दुसरा स्वतःचं डोकं फोडून घेतो!"

दादानं खाली पडलेलं पेन उचललं, धोतराला पुसलं आणि ह्यांच्या हातात दिलं. त्यानंतर मला वळवताना "एक, दोन, तीन" दोघं मिळून म्हणायला लागले.

परत

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा घसा भाजल्यासारखा होता आणि कमरेत आग. कमरेचं हाड कापून मानेला लावलं होतं, तारांनी बांधून. गाठ कॅन्सरची नव्हती. पण सगळी काही काढता आली नाही, म्हणून पुढं किरणांच्या मशीनचा शेक दिला. त्यानं घास कडू लागे आणि थुंकी गिळवत नसे. छातीपासून कपाळापर्यंत प्लास्टर घातलं, त्यातून तोंड तेवढं बाहेर. मला त्या अवतारात पाहून सिस्टर म्हणाली, "आता चाव बघू कोणाला!"

आधी हात आले. मग एक दिवस आरशात डाव्या पायाचा अंगठा हलला. मी हलवला होता की आपोआप, ते कळेना, म्हणून पुन्हा हुकूम सोडला. पुन्हा हलला. ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं तर रडूच आलं.

उभी राहिले, दोघांच्या खांद्यावर हात टाकून पाऊल टाकलं. पण गुडघ्याखाली काही कळत नव्हतं. चिमटा काढला तरी नाही, गरम पाणी टाकलं तरी नाही. पाय चालायचे, पण परक्याचे असल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीही येईल. आणि मान? ती तर जोडूनच टाकली. आता जन्मभर खाली पाहता येणार नाही.

केनवडच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि घरापर्यंत चालत गेले. ह्यांच्या खांद्यावर हात होता, पण पाय माझे होते. गाव पाहत होतं. एक म्हातारी म्हणाली, "अवं, हे तं देवळाच्या कळसासारखी दिसून राह्यली!" मी म्हटलं, "मंग नमस्कार कर."

सुमी बाहेर आली नाही.

सासूबाई चुलीपाशी बसून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "तुले सांगाले जीभ उचलत नाई, कमल. तुमी गेले त्याच आठवड्यात पोट्टीनं सराटा तापवला. भाकर उलटायचा. आन् आपल्या टाचेले लावला. डाव्या. म्या चुलीवरून उठून जाईस्तोर चामडं जळलं होतं."

मी हातातली काठी सासूबाईंवर फेकली. लागली नाही, भांड्यांवर जाऊन पडली, पण फेकली. तोंडाला येईल ते बोलले. त्या ऐकून घेत होत्या, आणि त्यांनी ऐकून घ्यावं याचाही मला राग येत होता. कारण लाथ मारायला लावणारी एकटी सासू नव्हती, हे मला माहीत होतं.

मग सुमी दारात आली. लंगडत. किती वाळली होती! मला तिचा पाय बघायचा होता आणि मान वाकत नव्हती.

"वर घे पाय. माह्या मांडीवर ठेव."

"नाई."

"सुमे, मले खाली पाहता येत नाई. वर घे."

तिनं पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी तो उचलून डोळ्यांपुढं धरला. टाचेवर सराट्याच्या पात्याएवढा डाग, गुलाबी, चकाकणारा. मी रडले. प्लास्टरमध्ये नीट रडताही येत नाही, पाणी आत जातं आणि दिवसभर खाजतं. मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, गाठीचं, हाडाचं, बंडीचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पन म्या रागानंच मारली होती, माय. तू थापड मारली म्हनून."

"हो," मी म्हटलं. "मले मालूम हाये. म्याच म्हनलं होतं राग काढ म्हनून."

खोटं बोलून तिला सोडवता आलं नसतं. पण ती काही मोकळी झाली नाही. त्यानंतर ती घरात अशी वावरायची, की पाय जमिनीला लागू नये.

आता लोक लाथेसाठी येतात, तर मी मारत नाही. आधी हाडाचा फोटो काढून आण म्हणते. पुष्कळ जण चिडतात. एक म्हणाला, नागपूरहून लय शिकून आली. मी म्हटलं, शिकली नाई, मरून आली. मानेचं दुखणं आडवं पडल्यावर जास्त होत असेल, हातातून वस्तू गळत असेल, मान खाली केली की वीज निघत असेल, तर बाबांनो, मान मोडून घेऊ नका, तुडवू नका, लाथेखाली देऊ नका. डॉक्टरकडे जा. माझ्याकडे याल तर शिव्या खाल.

एक सांगायचं राहिलं. प्लास्टर निघायचा दिवस उजाडला. मानेला नुसता पट्टा राहिला. सुमी लहान होती तेव्हा वावरातून आले की मी पालथी पडायची आणि ती भिंतीला हात लावून माझ्या पोटऱ्या तुडवायची. तसं एक दिवस संध्याकाळी मी उंबऱ्यापाशी चटई टाकली, घडी केलेल्या लुगड्यावर कपाळ टेकलं आणि हाक मारली.

"सुमे, ये. पोटऱ्या तुडव."

पाठीमागं ती येऊन उभी राहिली, हे कळलं. पुढं आली नाही.

"म्या नाई पाय लावत."

"मानेले नको लावू. पोटऱ्यांले लाव. थकली वं मी."

किती वेळ गेला. गोठ्यात ह्यांच्या बादलीचा आवाजही थांबला होता. मग चटई जराशी दबली. तिनं पाय ठेवला असावा, मला तर काही कळतच नव्हतं.

"चढली का?"

"एका पायावर हावो."

"दुसरा बी ठेव. डावा. सगळा भार दे."

तिनं दिला असेल. मी वाट पाहत होते, नेहमीसारखं काहीच नाही. आणि मग, डाव्या पोटरीत, पार खोल, काहीतरी दुखलं. एक टाच. एका जागी गुळगुळीत, कडेला खरखरीत.

"आई गं!" मी ओरडले. "दुखते!"

ती उडी मारून खाली उतरली. तिचा श्वास ऐकू येत होता, पळून जायच्या आधीचा.

"दुखते वं सुमे! माह्या पायाले दुखते!" मी रडत होते, हसत होते, लुगडं ओलं झालं होतं. "कायले उतरली? चढ! पुन्यांदा चढ म्हनते ना!"

"तुले लागन, माय."

"लागू दे. लागलं म्हनून ओरडली तरी उतरू नको."

तिनं भिंतीला हात लावला आणि माझ्या पोटऱ्यांवर दोन्ही पायांनी उभी राहिली.